आपली सहल आणि आपलं रान

(दहावी 1987 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर 2024 मध्ये, केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच्या वक्त्यांनी शाळेच्या आठवणी सांगितल्या. छडी झाली, प्रार्थना झाली, गळक्या कौलांखाली सरकवलेले बाक झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय मात्र कामाचा आहे. पुढची सहल कुठे न्यायची, हे मला सांगायचं आहे.

आपल्या ग्रुपवर दोन महिने हीच चर्चा चालू आहे. एकाने मलेशियातल्या वर्षावनाचं पत्रक टाकलं. पाच दिवस, चार रात्री, झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा झुलता पूल, आणि वर लिहिलेलं ‘इको टूर’. दुसऱ्याने केरळ सुचवलं, तिसरीने अंदमान. मग कुणीतरी लिहिलं, ‘ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तिलाच ठरवू द्या.’ त्याखाली भराभर अंगठे पडले. आपल्या वर्गात एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, म्हणून मी नाही म्हटलं नाही.

तर माझा बेत ऐका. पासपोर्ट लागणार नाही. आपण पौडवरून मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीला जायचं.

मागून कुणीतरी ‘तिथे काय आहे?’ असं म्हणालं, ते मला ऐकू आलं. त्याचंच उत्तर देते.

वर्षावन म्हणजे भरपूर पावसावर वाढलेलं, बारा महिने हिरवं राहणारं, एकावर एक मजले असलेलं रान. आता शास्त्राला धरून बोलायचं तर ताम्हिणीचं रान मलेशियातल्यासारखं पुरतं वर्षावन नाही. तिकडे विषुववृत्ताजवळ जवळजवळ वर्षभर पाऊस पडतो. आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि आठ महिने आभाळ कोरडं. म्हणून आपल्या रानाला निम-सदाहरित म्हणतात. काही झाडं पानं गाळतात, काही कधीच उघडी होत नाहीत. खऱ्या सदाहरित रानासाठी खाली आंबोली, तिलारीकडे जावं लागेल. पण ताम्हिणीतल्या खोल घळींत आणि देवरायांत सदाहरित रानाचे तुकडे अजून टिकून आहेत. पिंपरीहून भिऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवरच्या रानाला लोकांनी अंधारबन हे नाव उगीच दिलेलं नाही. भर दुपारी तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही.

आणि पाऊस! भूगोलाच्या सरांनी फळ्यावर काढलेली आकृती आठवा. समुद्रावरून आलेले ढग, उभा सह्याद्री, वर चढणारी आणि थंड होणारी हवा, आणि डोंगराच्या पाठीमागे पर्जन्यछायेचा प्रदेश. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. याच वर्षी 25 जुलैला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. सरांची आकृती आपण परीक्षेपुरती पाठ केली. ती आपल्या तालुक्याचीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

या रानाच्या साधारण 50 चौरस किलोमीटर भागाला 2013 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. ताम्हिणी अभयारण्य. तिथे शेकरू आहे, आपल्या राज्याचा प्राणी. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातो. म्हणजे वरची फांदीला फांदी तुटली की त्याचा रस्ताच तुटला. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा आहे. गारंबीचे वेल आहेत, माणसाच्या मांडीएवढे जाड, आणि त्यांच्या शेंगा हातभर लांब. मातीत देवगांडूळ आहे, जे गांडूळ नसून बेडकाच्या गोत्यातलं आहे. हे सगळं आपल्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

आता कुणी म्हणेल, तिकडे तर आपण जाऊन आलो. हो, आलो. मागच्या वर्षी, जुलैमध्ये. त्याबद्दलच मला आज थोडं स्पष्ट बोलायचं आहे, आणि त्यात मीही होते, म्हणून कुणाला टोचलं तर मलाही टोचलंय असं समजा.

आपण नऊ गाड्या घेऊन गेलो. एका गाडीत दोघं, एकीत तिघं. घाटात गाडी लावायला जागा नव्हती म्हणून रस्त्यावरच लावल्या आणि मागे एस.टी. अर्धा तास अडकली. धबधब्याखाली भिजलो, मोठ्याने गाणी लावली, मक्याची कणसं खाल्ली आणि मुक्कामाला एका रिसॉर्टमध्ये गेलो. जेवणात पनीर होतं. दुसऱ्या दिवशी परत आलो आणि ग्रुपवर ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहून फोटो टाकले. त्या दोन दिवसांत आपण एकाही झाडाचं नाव विचारलं नाही आणि एकाही गावकऱ्याशी, कणसांचा भाव सोडून, बोललो नाही.

यंदा दिवाळीनंतर मी एकटी त्या बाजूला गेले होते, या मेळाव्याचं आमंत्रण द्यायला. आपल्या वर्गातली एक मैत्रीण, आठवते का पाहा. ती वाडीवरून रोज दीड तास चालत यायची. पावसाळ्यात तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि ओल्या इरल्याचा वास यायचा, आणि आपण, म्हणजे मीसुद्धा, तिच्यापासून बाक थोडा सरकवून बसायचो. नववीनंतर ती आली नाही. ती आज धरणाच्या पलीकडच्या अंगाला राहते. रस्त्यालगत घर आहे, पडवीत चार टेबलं टाकून जेवण देते. मला बघून तिने आधी पाणी दिलं, मग हसून म्हणाली, ‘गेल्या वर्षी तुम्ही सगळे गेलात की इथनं. गाडीवर शाळेचं बॅनर लावलेलं. मी हात केला. पण काचा बंद होत्या.’

तक्रारीचा सूर नव्हता. काय घडलं ते तिने सांगितलं, एवढंच. पण मला घास गिळवेना.

पर्यावरण पर्यटनाच्या व्याख्या जगात पुष्कळ आहेत. सगळ्यांत तीन गोष्टी सापडतात. जिथे जायचं तिथला निसर्ग राखला जावा, तिथल्या माणसांचं भलं व्हावं, आणि जाणाऱ्याने काहीतरी शिकून यावं. कोस्टा रिका नावाचा छोटा देश या बाबतीत नावाजला जातो. त्यांनी देशाची जवळजवळ चौथाई जमीन राखीव केली आणि तिच्या जिवावर जगभरचे पाहुणे बोलावले. पण एवढ्या लांब कशाला? रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले. गावाने हॉटेलं उभी केली नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरातलं जेवण जेवतात, पैसे गावात राहतात. त्यामुळे कासवाचं अंडं खाण्यापेक्षा राखणं गावाला परवडतं. या तीन कसोट्यांवर आपली मागची सहल लावून बघितली, तर आपण तिन्हींत नापास. मी स्वतः गुणपत्रिका लिहिणारी बाई आहे, त्यामुळे हे सांगायचा मला सराव आहे.

म्हणून नवा बेत करताना मी चार गोष्टी ठरवल्या.

पहिली, केव्हा जायचं. पावसाळ्यात नाही. याच वर्षी 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. ती चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यानंतर प्रशासनाने आणि वन विभागाने पावसाळी ठिकाणांवर निर्बंध घातले, तर ग्रुपवर ‘आता मजाच संपली’ असे निरोप आले. मी तेव्हा गप्प राहिले. आज माझी गोष्ट सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन अशाच एका ओढ्यावर गेले होते. नेण्याचा निर्णय माझा, जबाबदारी माझी. गावात कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या डोक्यावर पाऊसही नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त. पलीकडे गुरं राखणारा एक म्हातारा अचानक ओरडायला लागला, ‘बाहेर काढा पोरं, बाहेर काढा!’ मला वाटलं, उगीच हटकतोय. तो धावत आला, काठी पुढे करून त्याने दोन मुलींना अक्षरशः ओढून काढलं. दोन-तीन मिनिटांत तो ओढा लाल झाला आणि आम्ही बसलो होतो तो खडक दिसेनासा झाला. पाऊस वर, डोंगरमाथ्यावर झाला होता. मी विचारलं, ‘तुम्हाला कसं कळलं?’ तो म्हणाला, ‘पाणी गढूळलं, वरनं पाला यायला लागला, आवाज बदलला. तुम्हाला ऐकू नाही आलं?’ मी एम.एस्सी. झालेली. मला ऐकू आलं नव्हतं. मी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. ‘पुढल्या टायमाला आधी इचारा,’ एवढंच म्हणाला. त्या दोन मुली आज स्वतः आया आहेत. त्यांच्या मुलांचे वाढदिवसाचे फोटो आले की मला तो लाल ओढा दिसतो.

म्हणून आपण फेब्रुवारीत जायचं. आणि त्यात सुरक्षिततेपलीकडे एक फायदा आहे. पावसात सगळंच हिरवं असतं, गवतही आणि दगडावरचं शेवाळंही. कोणतं रान खरोखर सदाहरित आहे, ते पावसाळ्यात कळतच नाही. फेब्रुवारीत गवत पिवळं पडलेलं असतं, काटेसावर, पांगारा निष्पर्ण होऊन फुललेले असतात, आणि त्या पिवळ्या-तपकिरी उतारांत मध्येच गडद हिरव्या रंगाचा ठिपका दिसतो. ती देवराई किंवा पाणी धरून ठेवणारी घळ. एवढं नुसतं गाडीतून उतरून, डोंगराकडे पाहून ओळखता येतं. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनाही.

दुसरी गोष्ट, कुठे जायचं. सकाळी आपण ताम्हिणीच्या विंझाई देवीला जाऊ. देऊळ रस्त्यालगत आहे, चढ नाही. आपले सर आणि बाई सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांना सोबत घ्यायचं तर ठिकाण असंच हवं. देवळाभोवतीच्या झाडीखाली बसून आपण देवराई म्हणजे काय, हे समजून घेऊ. देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली काडी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, हा पूर्वापार नेम. आजूबाजूचं रान कोळशाच्या भट्ट्यांत गेलं, तेव्हा या नेमामुळे हे तुकडे वाचले. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोन शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या अशा देवराया फिरून त्यांचा अभ्यास मांडला, तेव्हा शिकल्या-सवरल्या लोकांना या रानांचं मोल कळलं. गावाला ते आधीपासून माहीत होतं.

आपल्यातल्या विज्ञानाच्या सरांनी आठवीत आपल्याला अशाच एका राईत नेलं होतं. आत शिरण्याआधी सर म्हणाले, ‘चपला काढा.’ आपण म्हटलं, ‘सर, देऊळ तर लांब आहे.’ सर म्हणाले, ‘देऊळ इथूनच सुरू होतं.’ मग त्यांनी एका झाडाचं पान हातात न तोडता धरून दाखवलं. लांब, शेपटीसारखं टोक. ‘हे टोक कशाला?’ कुणालाच सांगता आलं नाही. सरांनी पानावर पाणी ओतलं, ते टोकावरून निथळून गेलं. पान ओलं राहिलं की त्यावर शेवाळं-बुरशी धरते, म्हणून पावसाच्या रानातल्या अनेक झाडांनी हे टोक कमावलं. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. मी जीवशास्त्र घेतलं ते त्या पाण्याच्या धारेमुळे. हे तुम्हाला आधी कधी सांगायचं राहून गेलं.

दुपारनंतर ज्यांना चालता येतं त्यांच्यासाठी अंधारबनाचा सुरुवातीचा, सावलीचा टप्पा. पूर्ण वाट भिऱ्यापर्यंत तेरा-चौदा किलोमीटर आहे, ती आपण करायची नाही. वन विभागाची परवानगी आणि शुल्क रीतसर भरायचं. अभयारण्य आहे, आपलं अंगण नाही.

तिसरी गोष्ट, किती जणांनी आणि कसं जायचं. एका वेळी पंधराजण, दोन तुकड्या, दोन वेगळे शनिवार. नऊ गाड्यांऐवजी एक मिनीबस. गाणी लावायची नाहीत. म्हणायची असतील तर परतीच्या वाटेवर बसमध्ये म्हणा, पहिला आवाज माझा. प्लास्टिक नेलं तर परत आणायचं. काजवे बघायला मे-जूनमध्ये जाऊ, असंही एकाने सुचवलं होतं. मी नको म्हणते. काजव्यांचं लुकलुकणं हे त्यांचं लग्न जुळवणं असतं. आपल्या विजेऱ्यांच्या आणि गाड्यांच्या उजेडात त्यांना एकमेकांचा इशारा दिसत नाही, आणि पायाखाली ओल्या जमिनीत त्यांच्या माद्या असतात. कुणाच्या लग्नात दिवे लावून गोंधळ घालायचा नाही, इतकं तर आपल्याला कळतं.

चौथी गोष्ट, पैसे. मलेशियाच्या पत्रकातल्या रकमेच्या एका लहानशा भागात ही सहल होईल. पण स्वस्तात होते म्हणून घासाघीस करायची नाही. मी हिशेब असा धरला आहे की शंभरातले निदान साठ रुपये मुळशीतल्या माणसांच्या हातात पडले पाहिजेत. वाट दाखवणारी दोन मुलं तिथल्याच वाडीतली, त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी. बस तालुक्यातली. जेवण आपल्या मैत्रिणीच्या पडवीत. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि तिच्या शेतातल्या आंबेमोहोराचा भात. तारीख मी तिला विचारूनच ठरवली. मी आधी नोव्हेंबर म्हटलं होतं. ती म्हणाली, ‘तेव्हा भात कापणी-झोडणी असती बाई, तुम्हाला वाढू का खळ्यावर जाऊ?’ बेत आखणाऱ्याने हा प्रश्न विचारायचा असतो, हे कोणत्याही पत्रकात लिहिलेलं नसतं.

आता शेवटचं. मुळशी धरणाच्या कडेने जाताना आपण पाण्याचे फोटो काढतो. त्या पाण्याखाली गावं आहेत. 1921 साली रामनवमीला सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासोबत मावळातले शेतकरी या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. बायका पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. 1924 पर्यंत लढा चालला आणि हरला. धरण झालं. हे पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला सोडून वीज तयार होते, आणि ती मुंबईसाठी होती. माझ्या आजीचं माहेर त्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती काठावर उभी राहून बोट दाखवायची, ‘तिथं आमचा आंबा होता.’ मला तिथे फक्त चिखल दिसायचा.

मुंबईला वीज हवी होती, पुण्याला कोळसा हवा होता, आता शहरांना शनिवार-रविवार हवा आहे. दर वेळी मुळशीने दिलं. धबधब्यापाशी पडलेल्या बाटल्या आणि कुंपणं घातलेल्या टेकड्या बघताना मला आजीचं बोट आठवतं. आपण तर याच तालुक्याच्या शाळेत शिकलेली माणसं. निदान आपण तरी पाहुण्यासारखं विचारून जावं.

एका मित्राने परवा फोनवर विचारलं, ‘इतके नियम, मग मजा कसली?’ प्रश्न रास्त आहे. मजेची हमी मी देत नाही. शेकरू दिसेल याचीही नाही. पंधराजणांपैकी तिघांना दिसेल, उरलेले बारा महिनाभर भांडतील. पण जेवणाची हमी देते. आणि सर, बाई, तुमच्यासाठी पडवीत खुर्च्या असतील, हे तिने मला दोनदा सांगितलं आहे.

नावं द्यायची वही दाराशी ठेवली आहे. पहिल्या तुकडीची तारीख फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी जमायचं, उशीर केला तर पूर्वीसारखं अंगठे धरून उभं राहावं लागेल. बस तिच्या घरासमोर आली की काचा उघड्या ठेवा. ती हात करणार आहे.